स्केल लेंग्थ: २५.५ सोडून २४.७५ घ्यावी का? बोटांना आणि आवाजाला खरंच किती फरक पडतो?

मलप्रभाकाठ (खानापूर)

मंडळी, नमस्कार. महिनाभर एक प्रश्न डोक्यात घोळायलाय, शेवटी इथं टाकतोय.

माझ्याकडं स्ट्रॅट पद्धतीची गिटार आहे, चार वर्षं झाली. गणपतीत आणि लग्नसराईत आमचा सहा जणांचा ऑर्केस्ट्रा असतो. मराठी, कन्नड, हिंदी, सगळं वाजवावं लागतं, तेही सलग तीन-तीन तास. दुसरा तास संपला की डाव्या हाताचं मनगट भरून येतं. पहिल्या फ्रेटवर एफचा बार (एका बोटानं सगळ्या तारा दाबून) धरताना तर करंगळीपर्यंत कळ जाते. मागच्या आठवड्यात टिळकवाडीत मित्राच्या घरी त्याची लेस पॉल पद्धतीची गिटार तासभर वाजवलो. बार सहज लागला, बेंड (तार ओढून सूर चढवणं) एका बोटानं वर गेला, आवाजही जाड आणि गोल. घरी येऊन माझी हातात घेतलो तर तारा सळ्यांसारख्या वाटल्या.

मित्र म्हणतो हा सगळा स्केल लेंग्थचा, म्हणजे तारेच्या मोकळ्या लांबीचा फरक. माझी २५.५ इंच, त्याची २४.७५. पाऊण इंचानं एवढं होतं काय? होत असेल तर मी दुसरी गिटार घेऊ का? अजून एक अडचण आहे. आमच्या गायकाला पट्टी खाली लागते, म्हणून आम्ही सगळे अर्धा सूर उतरवून वाजवतो. लहान स्केलवर तारा आणखी ढिल्या पडणार नाहीत ना? दोन्ही गिटारी शेजारी ठेवून वाजवून बघायची सोय मला इथं मिळालेली नाही. पैसे घालायच्या आधी जाणत्यांचं ऐकावं म्हणतो.

वडगावचा तारकरी

आधी तारांचं गेज, म्हणजे जाडी, सांग. दोघांच्या गिटारवर कुठल्या तारा होत्या? त्याशिवाय स्केलबद्दल बोलण्यात काही अर्थ नाही.

मलप्रभाकाठ

दोन्हीवर १०-४६ (सगळ्यात पातळ तार ०.०१० इंच, सगळ्यात जाड ०.०४६), कंपनीही एकच. मित्राला पाकीट दाखवायला लावलो. माझी अर्धा सूर उतरवलेली होती, त्याची सरळ ई ला लावलेली.

गणितमास्तर (चिकोडी)

या दोन ओळींतच तुझं अर्धं उत्तर आहे, पण आधी मुळापासून सांगतो.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: मोकळी थरथरणारी लांबी, ताण, आणि तारेचं दर इंचाला असलेलं वजन. १६३६ च्या सुमारास मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं हा हिशेब मांडून ठेवलाय. तार तीच आणि सूर तोच ठेवून लांबी वाढवली की ताण वाढवावा लागतो, आणि तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २५.५ ला २४.७५ ने भागलं की १.०३ येतात, त्याचा वर्ग १.०६. म्हणजे फरक फक्त ६ टक्के. १० ची पहिली तार ई ला लावली तर २५.५ वर साधारण १६.२ पौंड ताण येतो, २४.७५ वर १५.३. आता त्याच २५.५ वर १० काढून ९ लाव. ताण १३.१ पौंडांवर येतो, म्हणजे १९ टक्क्यांनी उतरतो. एका पाकिटानं जो फरक पडतो तो स्केलच्या फरकाच्या तिप्पट आहे.

तसा २४.७५ हा आकडाही कागदावरचाच. बऱ्याच लेस पॉल प्रत्यक्ष मोजल्या तर २४.६ च्या आसपास भरतात. आपली मोजायची असेल तर नटपासून (डोक्याकडं तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. ब्रिजपर्यंत मोजायचं नाही, कारण तिथल्या घोड्या इंटोनेशनसाठी, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर जुळावा म्हणून, थोड्या मागं सरकवलेल्या असतात.

आता तुझी गोष्ट. अर्धा सूर उतरवला की ताण जवळजवळ ११ टक्के कमी होतो. म्हणजे तुझ्या पहिल्या तारेवर १४.४ पौंड, मित्राच्या १५.३. भावा, तुझ्या तारा त्याच्यापेक्षा ढिल्या आहेत, तरी तुला त्या सळ्या वाटल्या. म्हणजे हा त्रास स्केलमधून आलेला नाही. नटची उंची, ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) आणि ट्रेमोलो (हलता ब्रिज), या तिन्हींकडं बघ. गिटार नंतर घे.

सहा_तारा (निपाणी)

मास्तर, ताणाचा हिशेब पटला. पण स्केलमध्ये फक्त ताण नसतो, फ्रेटमधलं अंतरही असतं, आणि लहान हाताच्या माणसाला तेच आधी जाणवतं. माझा पंजा लहान आहे, म्हणून मी हे पट्टी घेऊन मोजलंय.

२५.५ वर नट ते पहिला फ्रेट ३६.४ मिलिमीटर, २४.७५ वर ३५.३. एकच मिलिमीटर. पण पहिल्या फ्रेटपासून पाचव्यापर्यंत बोटं ताणायची झाली तर १२६ आणि १२२. आणि २४ इंची गिटारवर तेच अंतर ११९ च्या आत येतं. सात-साडेसात मिलिमीटर म्हणजे माझ्या करंगळीचं जवळजवळ अख्खं टोक. ज्या कॉर्डला माझी करंगळी तिरकी पडून शेजारची तार बंद करायची, तो कॉर्ड २४ वर स्वच्छ वाजला. त्या दिवशी मला रडू आलं होतं, खरंच. सहा वर्षं मी स्वतःच्या हाताला दोष देत होते.

२४ इंच ही काही लहान मुलांची गिटार नव्हे. फेंडरची १९६२ ची जॅग्वार आणि १९६४ ची मस्टँग दोन्ही २४ च्या. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेननं त्या दोन्ही वापरल्या. त्याआधी १९५६ मध्ये आलेल्या म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक तर २२.५ च्या होत्या, त्या मात्र शिकणाऱ्यांसाठीच काढलेल्या. लहान स्केलची उलटी बाजूही सांगते. पंधराव्या फ्रेटच्या पुढं जाड बोटांची गर्दी होते. आणि जोरात दाबायची सवय असेल तर सूर चढतो, कारण ताण कमी असला की दाबानं तार लवकर बेसूर होते. मला हात हलका करायला तीन महिने लागले.

खरेदीआधी मी एक युक्ती केली होती. २५.५ ची गिटार अर्धा सूर उतरवायची आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा. सूर परत ई ला येतो आणि उरलेली लांबी भरते २४.०७ इंच. म्हणजे घरबसल्या २४ इंची गिटार हातात. ठिपके एका फ्रेटनं सरकलेले दिसतात, तेवढं सांभाळायचं. तुझी तर आधीच उतरवलेली आहे, नुसता कॅपो लाव.

ड्रॉप_सी (अनगोळ)

आम्ही जड संगीत वाजवतो, तिथं उलटं आहे. ड्रॉप सी ला (सगळ्यात खालची तार ई वरून सी पर्यंत उतरवून) २४.७५ वर १०-४६ लावलात तर खालची तार दोरीसारखी डुलते, जोरात पिक मारला की आधी सूर वर जातो मग खाली येतो. म्हणून आम्ही २५.५ वर ११-५६, नाहीतर सरळ २७ इंची बॅरिटोन, म्हणजे खालच्या सुरांची लांब गिटार. सात-आठ तारांच्या काही गिटारींचे फ्रेट पंख्यासारखे तिरके असतात, खालच्या तारेला २७ आणि वरच्या तारेला २५.५. जिथं जी लांबी लागते तिथं ती. मलप्रभाकाठ, अर्धा सूर म्हणजे काहीच नाही, त्यासाठी स्केलची काळजी करू नका.

जुना ऑर्केस्ट्रावाला (शहापूर)

आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी अठ्ठावीस वर्षं मांडवात वाजवतोय.

मुला, मित्राच्या गिटारचा आवाज तुला जाड आणि गोल वाटला त्यातला मोठा वाटा हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा आहे. तुझ्या गिटारवर सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याचे असणार. तो फरक आधी बाजूला काढल्याशिवाय स्केलचा आवाज ऐकू येत नाही. माझ्याकडं दोन गिटारी होत्या, दोन्हीवर हंबकर, एक २५.५ आणि एक २४.७५, तारा एकाच पाकिटातल्या. मांडवात जुन्या मराठी गाण्यांची ऱ्हिदम एकावर वाजवायचो आणि मध्यंतरानंतर दुसरीवर. फरक मला ऐकू यायचा तो खालच्या दोन तारांत. लांब स्केलवर आघात स्वच्छ, ढोलकी आणि बेस चालू असतानाही कॉर्डचे सूर सुटे ऐकू येतात. लहान स्केलवर तेच सूर एकमेकांत मिसळतात. संथ गाण्यात, सोलोत ते मिसळणं फार गोड लागतं. गर्दीच्या गाण्यात ते हरवतं.

वडगावचा तारकरी

काका, आदर ठेवून सांगतो, डोळे बांधून ऐकवलं तर ओळखता येईल असं मला वाटत नाही. लाकूड, पिकअपची जागा, ब्रिज, सगळंच वेगळं असणार ना दोघींचं?

जुना ऑर्केस्ट्रावाला

होय की, सगळं वेगळं होतं. म्हणूनच "मांडवात मला" असं लिहिलो. पण त्या खालच्या तारांचं मी सोडणार नाही. मास्तर, यात काही विज्ञान आहे का सांगा.

गणितमास्तर

आहे, आणि काकांचा कान बरोबर जागी गेलाय. पुस्तकातली तार पूर्ण लवचीक असते, खरी तार थोडी ताठ असते. त्या ताठपणामुळं तारेतले वरचे स्वरांश जिथं असायला हवेत त्याच्या किंचित वर सरकतात. तार जाड, लांबी कमी आणि ताण कमी, तर हे सरकणं जास्त. सूर आणि तार तेच ठेवून लांबी वाढवली तर ते लांबीच्या चौथ्या घातानं कमी होतं. म्हणजे पाऊण इंच लहान स्केलवर ते १२-१३ टक्के जास्त. पातळ तारेवर मुळातच हा दोष एवढा बारीक असतो की कानाला लागत नाही, जाड तारेवर लागतो. ग्रँड पियानो एवढा लांब असतो त्याचं एक कारण हेच, मंद्र सप्तकातल्या तारांना लांबी हवी.

तारकरींचा मुद्दाही खोटा नाही. पिकअप हंबकर की सिंगल कॉइल, तो ब्रिजपासून किती लांब, यानं जो बदल होतो त्यापुढं ६ टक्के ताणाचा बदल लहान. पीआरएस कंपनी बऱ्याच गिटारींना २५ इंच ठेवते, दोघांच्या मधली, आणि तिच्या गिटारी कधी इकडच्या तर कधी तिकडच्या वाटतात. त्यात लांबीपेक्षा पिकअपचा हात मोठा.

मिरज_पॅसेंजर (रायबाग)

माझं आजोळ मिरजेचं, सतारमेकरांच्या गल्लीजवळचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते. तिथं ही चर्चा रोजची आहे, फक्त तिला स्केल लेंग्थ म्हणत नाहीत. मर्दानी तंबोरा मोठा, कारण सा खाली. जनानी तंबोरा लहान, कारण सा वर. लांबी आधी गळ्यावरून ठरते, मग तारेचा नंबर.

पण मला एक शंका आहे. सतारीच्या बाजाच्या (मुख्य वाजवायच्या) तारेची लांबी ८८ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे जवळजवळ ३५ इंच. गिटारच्या हिशेबात ती बॅरिटोनच्याही पुढं गेली. तरी सतारिये एका पडद्यावर पाच-पाच स्वरांची मींड काढतात. मग लांब स्केलवर बेंड अवघड असं कसं म्हणायचं?

गणितमास्तर

फार सुंदर प्रश्न विचारलात. मी आत्ताच हिशेब केला. ०.०१२ इंचाची पोलादी तार, काळी एकचा सा धरून मध्यमाला लावली आणि लांबी ८८ सेंटिमीटर, तर ताण येतो साधारण ६ किलो. गिटारची १० ची पहिली तार २५.५ वर ७.३ किलो. म्हणजे सतारीची तार लांब असूनही हलकी, कारण तिचा सूर गिटारच्या पहिल्या तारेच्या बराच खाली. नुसती लांबी बघून उपयोग नाही. लांबी, सूर आणि जाडी तिन्ही मिळून जो ताण होतो तोच बोटाला लागतो.

पण मींडीत आणखी एक आहे. तार बाजूला ओढून सूर चढवायला किती अंतर ओढावं लागतं, तेही लांबीबरोबर वाढतं. तीच तार, तोच सूर धरला तर ते अंतर लांबीच्या वर्गानं वाढतं. म्हणून लेस पॉलवर बेंडला जोरही कमी लागतो आणि बोटही कमी सरकतं, दोन्हीकडून सोपं. सतारीवर पडदे एवढे रुंद असतात की तार भरपूर ओढायला जागा मिळते. गिटारच्या गळ्यावर ती जागा नाही.

मिरज_पॅसेंजर

शंका फिटली. आजोबा असते तर त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

वडगावचा तारकरी

बेंडवरून आठवलं. मलप्रभाकाठ, तुझ्या गिटारचा ट्रेमोलो ब्रिज मागून उचललेला, तरंगता आहे का? असेल तर बेंड करताना ब्रिज स्वतःच पुढं झुकतो आणि तू चढवलेला सूर थोडा खाली आणतो. मग तेवढ्याच सुरासाठी तार आणखी ढकलावी लागते. मित्राच्या लेस पॉलचा ब्रिज पक्का, तिथं ढकललेलं सगळं सुरात जातं. तुला "एका बोटानं बेंड गेला" वाटलं त्यात हे नक्की आहे. मागचं झाकण काढ, स्प्रिंग घट्ट करून ब्रिज लाकडाला टेकव आणि बघ.

आणि फ्रेटबोर्डची गोलाईही (त्रिज्या) बघ. जुन्या फेंडर पद्धतीच्या ७.२५ इंच गोलाईवर वरचा बेंड मध्येच मरतो, लेस पॉल १२ ची.

गणितमास्तर

आणि नटसाठी ही तपासणी. गिटार जशी आहे तशीच ठेव. पहिल्या फ्रेटवर बार धर, मग तिसऱ्या फ्रेटवर. पहिला मरणाचा जड आणि तिसरा सोपा, असं असेल तर नटच्या खाचा उंच आहेत. खात्री करायची असेल तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघ. ती केसाएवढी असावी. व्हिजिटिंग कार्ड सहज जात असेल तर फार झाली.

ताईंचा कॅपो त्यानंतर लाव. मग दुसऱ्या फ्रेटवर बार धर, एकदा कॅपोसह, एकदा कॅपोशिवाय. दोन्ही वेळी ताण तोच, फ्रेट तेच. तरी कॅपोसह सोपं गेलं तर उरतो फक्त नट.

मलप्रभाकाठ

बारा दिवसांनी लिहायलोय, माफ करा. मध्ये दोन लग्नं होती.

मास्तरांनी सांगितलं तसं एकेक केलो. पहिल्या फ्रेटवर बार जड, तिसऱ्यावर आरामात. फट बघितलो तर कार्ड काय, दुहेरी कार्ड जात होतं. चार वर्षं मी त्या खाचांशी झुंजत होतो आणि समजत होतो हात कच्चा आहे. ताई, तुमचं वाचताना माझंही तेच झालं.

स्वतः घासायचा धीर झाला नाही, कारण खाच एकदा खोल गेली की तार खडखडते आणि नट नवीन बसवावा लागतो. मिरज_पॅसेंजर दादांनी निरोपात आजोळच्या गल्लीतल्या कारागिरांचं घर कुठं ते कळवलं होतं. मंगळवारी खानापुरातून गाडी धरून मिरजेला गेलो. ते सतारीची जवारी काढत बसले होते. गिटारला आधी हात लावायला तयार नव्हते, हे आपलं काम नव्हे म्हणाले. मग तार दाबून फट दाखवलो. त्यांनी नुसती तार छेडली, कान लावला, आणि बारीक कानस घेऊन एकेक खाच घासली. दोन वेळा घासायचं, तार बसवायची, ऐकायचं, परत घासायचं. दीड तास लागला. पैसे किती म्हणून विचारलो तर चहाचे द्या म्हणाले. मी बळेच दिलो.

घरी येऊन स्प्रिंगा घट्ट करून ब्रिज टेकवलो. आता एफचा बार लागतोय, आणि दुखत नाही. परवाच्या लग्नात अडीच तास वाजवलो, मनगट शाबूत आहे. बेंड मित्राच्या गिटारएवढा हलका नाही, पण त्याच्या जवळ आलाय. मी कॅपो लावूनही दोन दिवस वाजवून बघितलो. माझ्या पंजाला २४ ची गरज नाही, मधल्या फ्रेटवर बोटं उलट अडकतात. गिटारचे पैसे सध्या ठेवून दिलेत.

एकच राहिलंय. अर्धा सूर उतरवल्यावर खालची ई तार अजून थोडी सैल वाटते, ऑर्केस्ट्रावाले काका म्हणतात तो स्वच्छ आघात मिळत नाही. १०-५२ लावू का?

जुना ऑर्केस्ट्रावाला

लाव. वरच्या तारा आहेत तशाच राहतील, खालच्या तीन भरीव होतील. मांडवात तुला लगेच कळेल.

गणितमास्तर

लाव, पण दोन गोष्टी बघून. ४६ ची तार काढून ५२ लावली की खालच्या तारेचा ताण पाव पटीहून जास्त वाढतो. ब्रिज परत वर उचलला जाईल, स्प्रिंग आणखी घट्ट करावी लागेल. मान थोडी पुढं वाकली तर ट्रस रॉड (मानेतली सळी) पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पावसाळा तोंडावर आलाय आणि खानापूरची हवा ओली, त्यामुळं तार बदलल्यावर दोन दिवस थांबूनच रॉडला हात लाव. आणि ४६ साठी घासलेल्या खाचेत ५२ नीट बसते का ते आधी बघ. तार खाचेत अडकत असेल तर सूर लावताना टिक टिक आवाज येतो.

मलप्रभाकाठ

म्हणजे परत मिरज. चालेल, शनिवारी जातो. त्यांच्यासाठी कुंदा घेऊन जाणार आहे.